आबांचे एक्केचाळीस तास

“किलोमीटर नको सांगू सूनबाई. तास सांग.”

माझ्या दुकानाच्या काउंटरवर आल्यावर रंगनाथ आबांचं पहिलं वाक्य हेच असायचं. नमस्कार नाही, चमत्कार नाही. आणि यायचे कधी, तर बाजारच्या दिवशी. आखाडा बाळापुरात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. माझ्या पुढ्यात पीकविम्याचे फॉर्म, दाखल्यांच्या झेरॉक्सा आणि आधारच्या दुरुस्त्या घेऊन पंधरा माणसं उभी असतात. अशा वेळी, बरोबर अकराच्या ठोक्याला, पांढरं धोतर आणि काळी टोपी गर्दीतून सरळ पुढे यायची. उरलेले सहा दिवस हा माणूस काय करत होता देव जाणे. मी एकदा तसं विचारलंही. तर म्हणाले, “बाजारच्या दिवशी गाड्यांची खरी परीक्षा असती. माणसांची बी.” मी कपाळाला हात लावला.

आबा माझे नात्याचे कुणी नव्हते. दोन घरं सोडून राहायचे, म्हणून ते आबा आणि मी सूनबाई. एसटीत कंट्रोलर होते. नोकरीची शेवटची बरीच वर्षं बाळापूरच्या स्टँडवरच गेली, त्यामुळे साऱ्या भागाला त्यांची खिडकी माहीत होती. गाडी उशिरा असली तर नुसतं ‘लेट आहे’ म्हणून खिडकी लावून घेणाऱ्यांतले ते नव्हते. “हिंगोली गाडी बारा मिनिटं मागं हाय. चहा प्या, पण अर्धा. पुरा पिला तर गाडी गेली,” असं सांगायचे. आणि अर्धा कप संपता संपता गाडी वळणावर दिसायची, असं आमच्या सासूबाई सांगायच्या.

त्यांच्या खिडकीवर आणखी एक काम चालायचं, ते कोणत्याही नियमात नव्हतं. आमच्याकडे माणूस गेलं की लेकीनं तोंड पाहिल्याशिवाय मयत उचलत नाहीत. लेक पुसदला दिलेली असो की उमरखेडला, सगळी भावकी दारात बसून तिची वाट बघते. घरोघरी मोबाइल नव्हते तेव्हा एक माणूस सायकलवर स्टँडवर यायचा आणि आबांना विचारायचा, लेकीची गाडी कवा? आबा पुढच्या स्टँडवर फोन लावायचे, मनाशी काहीतरी धरायचे आणि सांगायचे, “चार वाजून धा मिनिटं. घरी पोचायला वीस धरा.” तो माणूस परत जायचा आणि त्या बेतानं तिरडी बांधली जायची. आबांचा शब्द चुकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. याचा त्यांना गर्व होता आणि तो लपवायची त्यांना गरजही वाटत नव्हती. “कलेक्टर सांगल त्याच्यावर लोक इश्वास ठेवत न्हाईत, माझ्यावर ठेवत्यात,” असं ते चारचौघांत म्हणायचे.

त्यांना दोन लेकरं. बालाजी इथंच शेती बघतो. मनीषा ऑस्ट्रेलियात, मेलबर्नहून दोन तासांवरच्या एका गावात दवाखान्यात नर्स आहे. नवरा आणि एक मुलगी आहे तिला. आबा तिच्या गावाचं नाव घेत नसत, कारण ते त्यांच्या तोंडात बसत नसे. ‘मेलबर्नच्या म्होरं’ एवढंच म्हणत.

आता जे सांगायचं आहे ते मला सांगायला आवडत नाही, पण त्याच्याशिवाय आबा कळणार नाहीत. चार वर्षांपूर्वी, ऐन उन्हाळ्यात, काकू गेल्या. आबांच्या बायकोला आम्ही सगळे काकूच म्हणायचो. सकाळी सहा-साडेसहाला गेल्या. सात वाजता आबा माझ्या दारात उभे राहिले. डोळ्यांत पाणी नव्हतं. म्हणाले, “सूनबाई, मेलबर्न ते हैदराबाद किती तास?” मी केस विंचरत होते. एका हातानं मोबाइलवर टाकलं. वरच ओळ आली: नऊ हजार दोनशे किलोमीटर, उड्डाणाचा वेळ अकरा तास पंचावन्न मिनिटं. मी म्हटलं, “बारा तास, आबा.” बस, एवढंच. खाली काय लिहिलंय ते वाचलं नाही, कुठून कुठलं विमान ते पाहिलं नाही. बारा तास म्हणाले आणि केस बांधून काकूंकडे रडायला गेले.

आबांनी त्यात तिच्या घरापासून विमानतळ धरलं, हैदराबादहून बाळापूर सात तास धरले, वर थोडे सुटे धरले आणि भावकीला सांगून टाकलं, “उद्या सकाळी सहाला लेक दारात.” आबांचा शब्द म्हटल्यावर कुणी हूं की चूं केलं नाही. बर्फाच्या लाद्या आणल्या, रात्रभर माणसं बसली. सकाळी सहाला मनीषाचा फोन आला, तो सिंगापूरहून. पुढचं विमान अजून चार तासांनी होतं. तिथून हैदराबाद, तिथून रस्ता. बर्फ संपला होता, ऊन चढायला लागलं होतं, म्हातारे आबांच्या तोंडाकडे बघत होते. नऊ वाजता काकूंना उचललं.

मनीषा त्याच दिवशी रात्री पोचली. घर धुऊन सारवून झालं होतं. तिनं एकच विचारलं, “सकाळी सहाला पोचते असं कुणी सांगितलं?” मी तिथंच, भिंतीला टेकून उभी होते. आबा म्हणाले, “माझा अंदाज चुकला, माय.” माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं, चार शब्द सुनावले असते, तर मी रडून मोकळी झाले असते. या माणसानं मला तेवढीही सोय ठेवली नाही.

तेव्हापासून आबांची बाजारच्या दिवशीची फेरी सुरू झाली. पहिल्याच खेपेला मी त्यांना स्क्रीन दाखवली. म्हटलं, बघा, मी मनानं सांगितलं नव्हतं, हे इथं लिहिलंय. त्यांनी चष्मा वर-खाली करत वाचलं.

“ही गाडी किती वाजता सुटती?”

“कोणती?”

“हीच. अकरा तास पंचावन्न मिनिटंवाली.”

“आबा, अशी गाडी नाही. म्हणजे असं सरळ विमान नाही. मधे बदलावंच लागतं.”

“न्हाई?”

“नाही.”

“मंग जी गाडीच न्हाई तिचा येळ काहून सांगून राहिलं हे?”

मी म्हटलं, ते सरळ रेषेत मोजतात, पक्षी उडतो तसं. आबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. मग म्हणाले, “आमच्या खिडकीवर असं कोणी सांगितलं असतं तर लोकांनी खिडकी फोडली असती.” मागं उभा असलेला एकजण हसला. मला हसू आलं नाही. खरं तर मला तो मोबाइल रस्त्यावर आपटावासा वाटला होता. पण आबांचाही राग आला होता. एवढं कळतं या माणसाला, तर त्या सकाळी मला खोदून का विचारलं नाही? दुसऱ्या सगळ्यांना विचारायचे. माझ्यावर तेवढा भरवसा कशाला ठेवला?

मग त्यांनी वेळ बांधायला घेतली. शाळेच्या दोनशे पानी वहीत एसटीसारखे रकाने आखले: सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, थांबा. मनीषाला व्हिडिओ कॉलवर विचारायचे, “घराला कुलूप लावल्यापासून इमानतळाच्या दारापोतर किती?” ती म्हणायची, “दोन तास, आबा.” आबा म्हणायचे, “बराबर सांग.” पुढच्या वेळी ती घड्याळ लावून गेली असणार, कारण मग दोन तास दहा मिनिटं असा आकडा आला. विमानतळावर तीन तास आधी जावं लागतं हे कळल्यावर ते माझ्यावर भडकले, नियम मी केल्यासारखे. सिंगापूरचा थांबा कधी चार तास, कधी नऊ. हैदराबादला शिक्के आणि बॅगा यांत दीड तास. “बॅगाच आणू नको म्हणावं,” आबा म्हणाले. मी लिहून घेतलं, कारण न लिहिता ते हलत नसत.

मेलबर्नचं घड्याळ आपल्या पुढं असतं हे समजलं त्या दिवशी मात्र खूश झाले. “म्हंजे येताना साडेचार तास फुकटात भेटले.” मी समजावलं, आबा, घड्याळ मागं होतं, माणसाला बसावं तेवढंच लागतं. तीन बाजार आम्ही यावर भांडलो. शेवटी वैतागून मी एका कागदावर दोन घड्याळं काढून दाखवली. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, “तुला मास्तरीण व्हायला पाहिजे व्हतं. पर आवाज लई चढा हाय.”

सगळी बेरीज एक्केचाळीस तासांवर आली. तिकीट तासाभरात मिळालं तर. आम्ही मुंबईवरून करून पाहिलं, नागपूरवरून करून पाहिलं, दुबईला वळसा घालून पाहिलं. कधी अडतीस व्हायचे, पण ते विमान आठवड्यातून तीनच दिवस. कधी चव्वेचाळीस. आबा एक्केचाळीसच धरायचे. “रोजची गाडी धरावी. आपल्याला कोणत्या वारी जायचं हाय ते आपल्याला कुठं ठाऊक?” असं अगदी सहज बोलून गेले, आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला की ही वही काकूंसाठी नव्हे, स्वतःसाठी चालली आहे.

भावकीतल्या मोठ्यांना त्यांनी विचारून ठेवलं होतं. आता मयत ठेवायची पेटी मिळते भाड्यानं, थंड राहते. पण त्यांचं म्हणणं पडलं की एक रात्र ठीक आहे, दोन रात्री मयत घरात ठेवायची आपल्यात रीत नाही. लेकरं उपाशी, चूल बंद, सगळं गाव खोळंबतं. आबा माझ्या काउंटरवर वही ठेवून म्हणाले, “एक रात बसते. दोन बसत न्हाईत. म्हंजे मनीषा पोचतच न्हाई. कसंबी बसवा, बसत न्हाई.” आवाजात तक्रार नव्हती. कागदावर न जुळणारी वेळ सांगावी तसे सांगत होते. मला मात्र भयंकर राग आला, कुणाचा ते सांगता येणार नाही. मी म्हटलं, “तर मग तिला जिवंतपणी बोलवा ना आबा. सुट्टीवर येऊ दे.”

“बोलावलं की. मुलीची शाळा झाली की येते म्हणती. दर दिवाळीला म्होरच्या दिवाळीचं सांगती.”

ते खरं होतं. काकूंच्या नंतर मनीषा एकदाही आली नव्हती. रजेचं, शाळेचं कारण होतं, आणि आत दुसरंही होतं. त्या रात्रीच्या सारवलेल्या घरात तिला परत पाय ठेवायचा नसावा.

मग दोन बाजार आबा आलेच नाहीत. मी सुटकेचा निःश्वास सोडला आणि दर अकरा वाजता दाराकडे बघत बसले. गेल्या वर्षीच्या थंडीत, एका साध्या दिवशी, संध्याकाळी सहाच्या आत ते आले. दाढी केलेली, धोतर धुतलेलं. दुकानात कुणी नव्हतं.

“सूनबाई, मनीषाला मेसेज टाक. लिही, आबा सिरीयस हैत, ताबडतोब निघ.”

मी म्हटलं, “कोण सिरीयस आहे?”

“मी.”

“तुम्ही माझ्यापुढं उभे आहात.”

“ते तिला दिसतंय का?”

हे इथल्या माणसालाच कळेल. आमच्याकडे लेकीला फोनवर ‘वडील गेले’ असं कधी सांगत नाहीत. रस्त्यात एकटीनं रडू नये म्हणून ‘सिरीयस आहेत, ये’ म्हणतात. लेकही पुढं विचारत नाही. ती समजते आणि निघते. तार होती तेव्हापासून हेच चालू आहे. ‘सिरीयस’ याचा आमच्याकडे एकच अर्थ आहे, आणि तो मनीषाला पक्का माहीत होता.

मी साफ नाही म्हटलं. चांगली तावातावानं बोलले. म्हटलं, ती काय समजेल याची कल्पना आहे का तुम्हाला? त्या विमानात बसून तिचं काय होईल? हे पाप मी करणार नाही. आबा सगळं ऐकून घेत होते. मग हळूच म्हणाले, “त्या बारा तासांचं मी तुला कवा बोललो का?”

चार वर्षांत हे एकदाच. मी मेसेज टाकला. टाकताना त्यांनी घड्याळ बघितलं आणि वहीत वेळ लिहिली.

दहा मिनिटांत तिचा फोन आला. “वहिनी, आबा बोलू शकतात का?” आबा माझ्यासमोर स्टुलावर बसून शेंगदाणे खात होते. मी म्हणाले, “तू ये गं.” असंच म्हणतात. तिनं फोन ठेवला. बालाजीला आबांनी आधीच ताकीद देऊन ठेवली होती. पुढचे दोन दिवस आबा मला सांगत होते, आता घर सोडलं असंल, आता सिंगापूर. मी त्यांच्याशी बोलत नव्हते, आणि त्यांना त्याचं काहीच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी थांबली. मनीषा उतरली, हातात एकच पिशवी. ती माणसं शोधत होती, दारात बसलेली माणसं, आणि गल्लीत चिटपाखरू नव्हतं. तिला वाटलं असणार, याही वेळी उचलून झालं. धावतच अंगणात आली, तिच्या मागोमाग मी. आबा बाजेवर बसून चहा पीत होते. तिच्या खांद्यावरून त्यांनी मला सांगितलं, “अकरा वाजून वीस. एक्केचाळीस तास वीस मिनिटं. वीस मिनिटं कुठं गेली विचार.”

मनीषा जागच्या जागी जमिनीवर बसली. रडली नाही. उठली, घरात गेली आणि दार लावून घेतलं. दोन दिवस आबांशी बोलली नाही. मी गेले तर दाराआडूनच म्हणाली, “वहिनी, शेजारचा माणूस विमानात सिनेमा बघत होता, जेवत होता. आणि मी बापाचं सुतक धरून बसले होते. पाणीसुद्धा घोटवत नव्हतं. तुम्ही बाई असून असं कसं केलंत?” उत्तर आबांनी दिलं. बंद दाराबाहेर बसून ते म्हणाले, “तोंड पाहायचं तं जित्या माणसाचं पाह्य. मेल्याचं काय, डोळे मिटलेले असत्यात. त्याला कुठं दिसतंय कोण आलं?”

तिसऱ्या दिवशी दार उघडलं. तिनं त्यांच्या डोक्याला तेल घातलं, पायाची नखं काढली, पाय घासून दिले. नऊ दिवस ते दोघं अंगणात समोरासमोर बसून असायचे. फारसं बोलणं नसायचं. मधेच आबा म्हणायचे, “पाह्य बराबर. घडी घडी येणं व्हत न्हाई.” ती जायच्या दिवशी भावकीच्या मोठ्यांना बोलावून त्यांनी सांगितलं, लेकीनं तोंड पाहिलंय, आता माझ्यासाठी कुणी थांबायचं नाही, असंल त्या येळेला उचला. त्या दिवसानंतर आबा बाजारच्या दिवशी आले तरी दारातूनच हात करून पुढं जायचे. त्यांचं माझ्याकडचं काम संपलं होतं. मला मात्र ते पटलेलं नव्हतं, मी फुगूनच होते. लेक आली, भेटली, सगळं खरं. पण लेकीला एक्केचाळीस तास असं जाळून आणलेली भेट ती कसली, असं मला वाटायचं आणि अजून वाटतं. तसं त्यांना स्पष्ट बोलायचं मनात होतं. आज बोलू, उद्या बोलू करत राहून गेलं.

सात महिन्यांनी, दुपारचं जेवण करून आबा बाजेवर आडवे झाले ते उठले नाहीत. चारच्या सुमाराला बालाजी माझ्याकडे आला. म्हणाला, “वहिनी, मनीषाला तुमीच सांगा. माझ्यानं व्हत न्हाई.”

मी फोन लावला. तिकडं रात्रीच्या जेवणाची वेळ होती, भांड्यांचा आवाज येत होता. माझ्या तोंडून सवयीनं तेच बाहेर पडलं. “मनीषा, आबा सिरीयस आहेत गं.”

ती हसली. मोकळं, मोठ्यानं हसली. “वहिनी, या वेळी नाही हं फसणार मी. दिवाळीचं तिकीट काढलंय म्हणावं, खरंच काढलंय. द्या बरं त्यांना फोन, समोरच बसले असतील घड्याळ बघत.”

बालाजी दाराच्या चौकटीला धरून उभा होता. रस्त्यावरून भावकीची माणसं आबांच्या घराकडे जाताना दिसत होती. ज्या शब्दासाठी आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आडवाट घेतात, तो मला त्या पोरीला सरळ सांगायचा होता.

“मनीषा,” मी म्हणाले, “आबा गेले.”

“वहिनी, पुरे आता,” ती म्हणाली. तिच्या आवाजात अजून हसू होतं. मला ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं.